भिंतीवरची काच

"फुटली," ढापण्या म्हणाला आणि भिंतीपासून दोन पावलं मागे सरकला.

ताईने वाकून पाहिलं. परवा सकाळी दोघांनी भिंतीच्या भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवली होती. ही गवंड्यांची जुनी रीत. भिंत जागची हलली, की काच तडकते. ताईच्या गवंडी बाबांनी घरी बसल्या बसल्या शिकवली होती. मागच्या उन्हाळ्यात एक भिंत त्यांच्या पायावर कोसळली, तेव्हापासून ते घरीच होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे ढापण्याचे बाबा, त्याच भिंतीखाली गेले.

ही भिंत मैदानाच्या कडेची. उन्हाळी कलामेळाव्यासाठी वस्तीतल्या लोकांनी महिनाभर खपून तिच्यावर मोठं झाड रंगवलं होतं. भेग दिसू नये म्हणून तिचीच फांदी करून टाकली होती. पाच वाजता उद्घाटन. भिंतीलगतच्या बाकांवर उभं राहून लहान मुलं गाणार होती, आणि त्यांत ताईची सहा वर्षांची बहीण होती.

"सर, भिंत हलतेय," ताईने संयोजकांना गाठलं. "बाबा म्हणालेत, काच फुटली तर कुणाला जवळ जाऊ देऊ नका."

संयोजक पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावं चिकटवत होते. "पन्नास वर्षं उभी आहे ती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, बाळ. जा, खेळ."

ताईचे कान तापले. सव्वाचार वाजले होते.

"खऱ्याला कुणी विचारत नाही ना?" ढापण्या म्हणाला. "मग खोटं बोलू."

उरलेल्या हिरव्या रंगाचा डबा घेऊन तो पळत गेला, बाकांवर ब्रश फिरवून पळतच परत आला. तोवर ताईने दोरी बांधून पाटी लटकवली होती: 'रंग ओला आहे'.

संयोजक तणतणत आले. त्यांनी एक बाक चाचपलं, तर बाही हिरवी झाली.

"अजून वाळलं नाही हे? पाहुण्यांच्या कपड्यांचं काय होईल? मुलांना मैदानाच्या मध्ये न्या. इकडे कुणी फिरकायचं नाही!"

माणसं मरतील हे ज्यांना पटलं नाही, त्यांना कपडे खराब होतील हे ताबडतोब पटलं.

दुसरं गाणं चालू असताना भिंत मधोमध फुगली आणि झाडासकट खाली आली. बाकांचा चुरा झाला. धुळीत कुणाला कुणी दिसेना, फक्त पोरांचं रडणं ऐकू येत होतं. ताई हाका मारत धावली. बहीण मैदानाच्या मध्येच उभी होती, धुळीने पांढरी झालेली, थरथरत, पण धडधाकट.

ढापण्याने रंगाचा डबा दाखवला तेव्हा संयोजकांना सगळं कळलं. "तुम्ही वाचवलंत पोरांनो," ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले.

ताईचे बाबा कुबड्या टेकत आले. ढिगाऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास. त्या भिंतीबद्दल मी ठेकेदाराला तीनदा खरं सांगितलं होतं रे. खोटं बोलायचं मला सुचलं नाही."

ढापण्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "काका, घरी चला," तो म्हणाला. "आज कुणी गेलं नाही, हे आईला मला सांगायचंय."