दहा-चाळीसची ओळ

"हा फोन मनोहररावांचा ना?"

अंजनाबाईंच्या टपरीवर चहा पिता पिता मी मान वर केली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, तिशीचा एक माणूस माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या बाबांच्या फोनकडे बघत होता.

"मी त्यांची मुलगी, भैरवी. तुम्हाला कसं कळलं?"

"मी प्रीतम. वर नेटवर्क सांभाळतो." त्याने समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. सदर भागातल्या त्या ऑफिसात बाबांची एकतीस वर्षं गेली होती. "कोणताही फोन आमच्या वायफायच्या टप्प्यात आला, की आत येऊ का म्हणून विचारतो. सॉफ्टवेअर ओळख तपासून त्याला घेतं, नाहीतर नाकारतं. दोन्हीची नोंद ठेवतं. काका गेल्यावर त्यांचं नाव बंद केलं. तरी रोज दहा-चाळीसला त्यांचा फोन विचारतोच... पंधरा दिवस ती ओळ बघून राहिलो. आज खाली आलो."

बाबा सकाळी इथेच चहा घ्यायचे. म्हणून माझं वाचनालय उघडण्याआधी मी रोज इथे येत होते. त्यांचा फोन रात्री चार्ज करून सोबत आणत होते. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

"जुन्या नोंदी असतात?"

"नव्वद दिवस. मग पुसल्या जातात."

बाबांना जाऊन सदुसष्ट दिवस झाले होते.

मग मी त्याला सांगितलं. घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी एक-दहाला बाबांचा फोन आला होता. माझा फोन वाचनालयाच्या टेबलाच्या खणात होता. नंतरही मी उलटा लावला नाही. संध्याकाळी सहाला ते बसस्टॉपवर कोसळले. तेव्हापासून मला एकच जाणून घ्यायचं होतं – एक-दहाला त्यांच्या छातीत दुखत होतं का?

"त्या दुपारचं दाखवाल?"

"माझ्या स्क्रीनवर आहे. पण असं दाखवता येत नाही. अर्ज द्या, मृत्यूचा दाखला जोडा. मी मागे लागतो."

"दोन मिनिटांचं काम आहे—"

"काकांची नोंद आहे. चोरून कशी दाखवू?"

बाबा असते तर हेच म्हणाले असते. मी अर्ज लिहायला घेतला.

अर्ज टेबलामागून टेबल सरकत राहिला. प्रीतम रोज खाली येऊन खबर द्यायचा.

"आज कुठवर?"

"कौसल्या मॅडमच्या टेबलावर. दोन फूट प्रगती."

खापरखेड्याहून, तिथल्या वीजकेंद्राजवळून, बसने यायचा तो. बाहीवर राखेचा बारीक थर असायचा. मे महिन्याच्या उन्हात आपला स्टूल सावलीबाहेर ओढून बसायचा, म्हणजे कडुनिंबाची सावली मला पुरायची.

"काहून गा प्रीतम," अंजनाबाई म्हणाल्या, "वर चहाची मशीन हाय ना? मंग दोन माळे उतरून येतं कायले?"

"तो चहा चांगला नाही, मावशी."

"अन् हा तरी कुठं पिऊन राहिला? नुसता थंडा करून राहिला."

मी हसले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच... आणि लगेच खाली बघितलं.

शहाऐंशीव्या दिवशी मंजुरी आली. वर कूलर घरघरत होता. प्रीतमने छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्यावर पट्टी धरली.

"एक-चौदा, फोन कॅन्टीनच्या वायफायवर. एक-बावन्न, त्यांचं टेबल. साडेतीन, पुन्हा कॅन्टीन. पाच-एकेचाळीसला दारापाशी फोन नेटवर्कमधून सुटला." त्याने दुसरा कागद सरकवला. "हा आदल्या आठवड्याचा. रोज हेच. फोन फिरला म्हणजे काका चालत होते. जेवायला गेले, चहाला गेले. दुखत होतं की नाही, हे नोंद सांगत नाही. नेहमीचा दिवस होता, एवढं सांगते."

नेहमीच्या दिवशी बाबा मला विनाकारण फोन करायचे. डब्यातली वांगी खारट झालीत, हे सांगायला. मी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. प्रीतम खिडकीबाहेर बघत राहिला, माझं रडून होईपर्यंत.

"आता यादीतून त्यांच्या फोनची नोंद काढून टाकायची आहे, मग ती ओळ येणार नाही," तो हळूच म्हणाला.

"काढा."

त्याचा हात माउसवर तसाच राहिला.

"एक सांगू? आधी ती ओळ आली की काकांची आठवण यायची. आता... आता ती आली की मले कळते, तुम्ही आल्या म्हणून." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "काढली तर ते कळणार नाही."

त्याचा हात अलगद बाजूला केला आणि कळ मीच दाबली.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन बंद करून त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवला. रिकाम्या पर्सचा भार विचित्र वाटत होता. टपरीवर पोचले तेव्हा दहा-तीस झाले होते. प्रीतम आधीच बसलेला, स्टूल उन्हात, समोर दोन ग्लास.

"आज ओळ येणार नव्हती," तो म्हणाला. "मग वर बसून काय बघू?"

मी त्याला स्टूल सावलीत ओढायला लावलं. दोघांना पुरेल एवढी सावली नव्हती. जवळ बसावं लागलं. ग्लास हातात घेतला. चहा पार गार झालेला.

"केव्हा आलात?"

"नोंद नाही ठेवली," प्रीतम म्हणाला.