बादलीतली दांडी

"टाकीजवळ पाऊलही टाकायचं नाही," असं आईने बजावलं होतं, आणि तिघं नेमकी टाकीजवळच उभी होती. पुढे खारू, मागे मामेभाऊ शंकासूर आणि त्याच्या सदऱ्याला धरून धाकटी बहीण शेपटी.

आई या सांडपाणी केंद्रात पाळीप्रमुख होती आणि सुट्टीमुळे मुलं रोज तिच्याबरोबर येत. आठवडाभर टाकीतलं पाणी काळं पडत होतं. घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, पण संगणक म्हणे, हवा भरपूर आहे. मग दोष आईचा! आज चार वाजता साहेब येणार होते आणि आईची नोकरी जाणार होती. सकाळी डबा भरताना आई रडली होती. म्हणूनच टाकीत काय बिघडलंय ते खारूला स्वतः पाहायचं होतं.

"हवेचे पंप बंद का?" शंकासुराने विचारलं.

आठवड्यापूर्वीपर्यंत इथे कानठळ्या बसत. या शांततेचीच खारूला भीती वाटली. पाण्यातली हवा मोजणारी एक दांडी टाकीच्या मधोमध बुडलेली असे. हवा पुरेशी झाली की पंप थांबत आणि वीज वाचे. दांडी रोज पुसून परत सोडायचं काम यंत्रवाल्या काकांचं. वीज वाचवली म्हणून परवाच त्यांचा सत्कारही झाला होता.

"ताई, दांडी आंघोळ करतेय," शेपटी म्हणाली.

टाकीवरच्या पुलाच्या अलीकडे, विजेच्या पेटीमागे, नळाच्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत दांडी पडली होती. त्या पाण्यात हवा होतीच, म्हणून पंप झोपले होते आणि टाकीतले जिवाणू गुदमरत होते.

तेवढ्यात साहेब, आई आणि काका कचेरीतून बाहेर आले. मुलं बादलीपाशी दिसताच ती लपवायला काका पुढे धावले, पण शंकासूर आडवा आला. पंपाला पाती किती, पाणी जातं कुठे, एकामागून एक प्रश्न. काकांना त्याने हलू दिलं नाही.

खारूने दांडी उचलली. पूल हातभर रुंद होता. बुडबुड्यांच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही बुडतो, हे आईचं बोलणं कानात घुमत होतं. मागून आई थांब म्हणून ओरडली, तरी ती मधोमध पोहोचली आणि तिने दांडी काळ्या पाण्यात सोडली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पंप गरजले! पूल थरथरला, खाली पाणी उसळलं. खारूने कठडा कवटाळून डोळे मिटले. तिला पुढेही जाता येईना, मागेही. आईनेच येऊन तिला परत नेलं.

काकांची मान खाली गेली होती. "गेल्या आठवड्यात पुलावर माझा पाय घसरला. तेव्हापासून तिथे जायची भीती वाटते. सांगायची लाज वाटली, म्हणून दांडी बादलीतच ठेवू लागलो."

"मलाही वाटली भीती," खारू म्हणाली.

साहेबांनी आईची माफी मागितली आणि तिघांची पाठ थोपटली. दांडी टाकीतच राहील, जिवाणू जगतील एवढी हवा देऊनच वीज वाचवायची, असं त्यांनी काकांना बजावलं. पुलाला जाळीही लागणार होती.

आई रागावेल म्हणून खारू घाबरून उभी होती. आईने तिचा हात घट्ट धरला. फाटकापर्यंत तिने तो सोडला नाही.