मागची सीट

शशिकांतचं तोंड दुधाने कधी पोळलं नव्हतं, तरी ताक तो फुंकूनच प्यायचा. सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलेली. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं तो हाताखालच्या पोरांना बजावायचा. त्यामुळे टेक्सासमधल्या प्लेनोहून निघताना शैलजा गाडीतल्या मधल्या आरशाला ओढणी गुंडाळायला लागली, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

"अगं, असं ड्राइव्ह करत कोणी जातं का?"

"बाजूचे आरसे आहेत की."

"त्यांतही मागचं दिसतंच."

"मागची सीट दिसते का? नाही ना? मग झालं."

त्यांच्या गाडीमागे शववाहिका उभी होती आणि तिच्यात त्यांचा मुलगा नकुल होता. तो सैन्यात असताना अफगाणिस्तानात मारला गेला तेव्हा ही दोघं प्लेनोतच राहायची, म्हणून तिथल्या सैनिकी दफनभूमीत त्याला ठेवलं होतं. मला जाळू नका, सोबत्यांसारखं पुरा, असं त्यानेच सांगून ठेवलेलं. सांगलीच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण पोराचा शेवटचा शब्द मोडणार कोण? पुढे दोघं लेकीजवळ, आसावरीकडे, व्हर्जिनियातल्या हर्नडनला राहायला गेली. शैलजाची नजर दर महिन्याला मंदावत चाललेली. टेक्सासच्या खेपा तिला झेपेनात. "मला दिसतंय तोवर त्याला जवळ आणा," एवढंच तिचं मागणं होतं. वर्षभर खेटे घातल्यावर पेटी हलवायची परवानगी मिळाली.

पेटी मातीतून वर काढल्यावर शैलजाने तिच्यावर अक्षता ठेवल्या होत्या. "चल बाळा, आमच्या मागोमाग ये," म्हणाली होती. तिच्या माहेरच्या गावची देवी अशीच एका भक्ताच्या पाठोपाठ निघाली होती म्हणे. मागे वळून पाहू नकोस, एवढी एकच अट. वेशीजवळ त्याला राहवलं नाही, त्याने पाहिलं, आणि देवी तिथेच थांबली. गाव आत, देऊळ बाहेर.

"शववाहिकेचा ड्रायव्हर आणतोय ना त्याला," शशिकांत म्हणाला.

"तो पेटी आणतोय."

त्याने गाडी सुरू केली.

टेक्सास संपता संपता ते पेट्रोलला थांबले. इंजिन बंद केल्याबरोबर टिंग झालं आणि समोरच्या स्क्रीनवर इंग्रजीत अक्षरं उमटली : मागच्या सीटवर पाहा. तान्हं मूल मागे विसरू नये म्हणून हल्लीच्या गाड्यांत अशी सोय असते. पण त्यासाठी आधी मागचं दार उघडलेलं असावं लागतं. यांचं सामान तर सगळं डिकीत होतं. मागच्या दाराला निघाल्यापासून कोणी हात लावला नव्हता.

"सेन्सर गंडलाय," तो म्हणाला. मात्र वळून त्याने पाहिलं नाही. शैलजाला दुखवायचं नव्हतं, असं त्याने मनाशी म्हटलं.

मेम्फिस मागे पडलं आणि बेल्टचा बझर वाजायला लागला. दोघांचे बेल्ट लावलेले होते. स्क्रीनवर मागच्या सीटसाठी तीन छोटी माणसं काढलेली असतात, त्यांतलं उजवीकडचं लाल झालं होतं.

शैलजा समोर रस्त्याकडेच बघत होती. "बेल्ट लाव रे," ती म्हणाली. पूर्वी म्हणायची तशीच, कंटाळून.

खट्.

बझर थांबला. लाल माणूस हिरवा झाला. शशिकांतला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांसमोरचा रस्ता पुसट झाला.

दुसऱ्या दिवशी टेनेसीच्या पूर्व भागात ते हायवेलगतच्या एका रेस्ट एरियात थांबले. भर दुपार होती. खाऊची मशिनं, कुत्र्यांना फिरवायची हिरवळ, आणि कुंपणाशी एक लोखंडी पाटी. शैलजाला वाचता येईना, म्हणून त्याने वाचून दाखवली. दीडशे वर्षांपूर्वी यादवी युद्धात इथे चकमक झाली होती, मेलेली कोवळी पोरं इथेच पुरली होती. युद्ध संपल्यावर ज्यांचे लोक आले त्यांची हाडं उकरून घरी नेली. बाकीचे या शेतातच राहिले.

"कोणी न्यायलाच आलं नाही?" शैलजा म्हणाली. "बिचारे." मग ती बाथरूमकडे गेली.

तो गाडीत येऊन बसला आणि एसी लावला. बझर सुरू झाला. त्याने वाट पाहिली. बझर थांबेना. नकुलची लहानपणची खोडी होती ती : बेल्ट छातीवर ओढून नुसता हातात धरायचा, अडकवायचा नाही. बझर वाजत राहिला आणि शशिकांतच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीने निघून गेलं,

"नकुल, बेल्ट!"

आणि तो वळला.

सीट रिकामी होती. उजवीकडचा बेल्ट पुढे ओढलेला, हवेत, कोणीतरी मुठीत धरावा तसा. मग ती मूठ सुटली. पट्टा सावकाश सरकत आपल्या खाचेत गेला.

बझर बंद झाला. तिन्ही माणसं मावळली.

शैलजा येऊन बसली. त्याने काही सांगितलं नाही. हर्नडनपर्यंत टिंग एकदाही झालं नाही.

दफन रीतसर पार पडलं. जवान आले, बिगुल वाजलं, आसावरी रडली. सगळे पांगल्यावर शैलजाने वाकून ताज्या मातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आला नाही तो," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत."

शशिकांतने मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती दफनभूमीत पुन्हा गेलीच नाही. दिवसभर खिडकीशी बसायची, आणि तिला आता खिडकीबाहेरचं झाडही दिसत नव्हतं.

शेवटी तो एकटाच निघाला. खिशात कागदाच्या पुडीत अक्षता घेतल्या. आरशाला ओढणी त्यानेच बांधली.

टेनेसीच्या त्या रेस्ट एरियात तशीच भर दुपार होती. त्याने मागचं दार सताड उघडलं, अक्षता कुंपणाच्या दिशेने टाकल्या. शेजारच्या गाडीतली बाई बघत होती, बघू दे.

"चुकलो रे," तो म्हणाला. "चल, घरी जाऊ. आई वाट बघतेय."

तो पुढे येऊन बसला. मागचं दार त्याने लावलं नव्हतं. ते लागलं.

खट्.

एक माणूस हिरवा झाला. शशिकांत स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

खट्.

त्याने डोकं वर केलं.

खट्.

तीन हिरवी माणसं.

सेन्सर, तो स्वतःशी म्हणाला. सेन्सर गंडलाय. व्हर्जिनियाच्या डोंगरांमधून तो मान ताठ धरून गाडी चालवत राहिला. मागून ओल्या मातीचा आणि जुन्या लोकरीचा वास येत होता. एक नकुल असेल, बाकीचे कोणी का असेनात. एक तर नकुल असेलच.

तो घरी पोचला तेव्हा ऊन अजून होतं. त्याने वाटेत फोन केला होता. ड्राइव्हवेत शैलजा उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

इंजिन बंद केलं. टिंग. मागच्या सीटवर पाहा.

त्याने पाहिलं नाही.

शैलजाने चाचपडत मागच्या दाराची कडी शोधली आणि दार उघडलं. तिला हल्ली शशिकांतचा चेहराही धूसर दिसायचा. पण ती वाकली आणि एकेका सीटवर नजर नीट थांबवत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून. भाकरीचा हात हळूहळू खाली आला.

"अहो," ती म्हणाली, "ही कोणाची मुलं?"

मागे एक बेल्ट सुटला. मग दुसरा.