बुरमाकान आपांच्या दारातला तोतया

आयझिरेक फाटकातून आत शिरली आणि एक पिकला जर्दाळू नेमका तिच्या कपाळावर फुटला.

"अरेरे... लागलं का?" झाडावरून एक तरुण डोकावला.

"लागलं नाही, चिकटलं. कॉम्प्युटर कुठंय?"

हा तिलेक. त्याची आई बुरमाकान आपा घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देई. प्रवाशांची पत्रं ईमेलवर येत, आणि तिथूनच व्हायरसचा किडा कॉम्प्युटरमध्ये घुसला होता. आयझिरेकने तो काढला, नवा अँटिव्हायरस बसवला. तिचा हात फिरलेल्या घरात व्हायरस परत पाऊल टाकत नाही, असा काराकोल गावभर लौकिक होता. तिला त्याचा भारी अभिमान होता, आणि का नसावा?

पण या घरात तो परतला. आपांच्या नावाने भलभलती पत्रं गावभर गेली. बाजारात आयझिरेकच्या नावाने कुजबुज सुरू झाली. पुन्हा आली ती तणतणतच. चहा ओतताना तिलेक तिच्याकडे बघून हसला... आणि तिचा संशय पक्का झाला.

"मुद्दाम करतोस ना? मी यावं म्हणून?"

त्याचं हसू मावळलं. "तुला बोलवायचंच असेल, तर तुझ्या दारात येऊन बोलवीन. आईचं नाव खराब करून नाही." तो उठून बाहेर गेला.

आयझिरेकचा चेहरा उतरला. पण लगेच माफी मागेल तर ती आयझिरेक कसली!

तेवढ्यात नवी ईमेल आली, सोबत एक फाइल. आपा ती उघडायला सरसावल्या.

"आपा! खात्री न करता उघडता?"

"अगं, दारात आलेल्याला परत पाठवायचं? आणि हा तर माझा मावसभाऊ! तुझा तो अँटिव्हायरस सारखा आडवा येतो, म्हणून बंदच केला. पाहुणे आले की कुत्रं बांधतोच ना आपण!"

आयझिरेकने कपाळावर हात मारला. "पाहुण्याला आधी काय विचारता?"

"कुणाचा कोण, सात पिढ्यांचे बाप कोण. आपली रीतच ती."

"मग यालाही विचारा. भावाला फोन लावा. तो हो म्हणाला तरच उघडा. आणि कुत्रं मोकळं सोडा!"

आपांनी फोन लावला. भावाने काहीच पाठवलं नव्हतं.

"अगं बाई, तोतया!" आपा किंचाळल्या.

त्यानंतर त्या घरात किडा आला नाही. आयझिरेकचं नाव राखलं गेलं, पण तिलेक काही तिच्याकडे बघेना. आणि एक दिवस तिला त्याची ईमेल आली... सोबत फाइल! तिचा हात पुढे झाला, थबकला. नियम म्हणजे नियम. तिने फोन लावला.

"फाइल तू पाठवलीस?"

"हो..."

"आत काय आहे?"

"उघड की."

"सांगितल्याशिवाय नाही उघडणार."

"तू मला आवडतेस — असं लिहिलंय. दारात येऊनच सांगणार होतो. पण तू मला चोर ठरवलंस... मग पाय उचलेना."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"एकदाच म्हणते मी! ये दारात. आणि सातही बापांची नावं पाठ करून ये. माझे वडील विचारतील."

तो इतका मोठ्याने हसला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "येतो! फाइल तरी उघडलीस का?"

"थांब," ती ऐटीत म्हणाली, "अँटिव्हायरस तपासतोय."