वन्संचं ‘येते’

डोंगराचं नाक जिथं समुद्रात घुसलेलं आहे, त्याच्या पलीकडच्या कपारीत पाणमांजरं राहतात. ती डोळ्यांनी बघायची, एवढ्यासाठी ही मोहीम! बेत बहीण-भावाचा होता. पण भावाचा घोटा मुरगळला आणि ऐन वेळी त्यानं बायकोला पुढं केलं.

ही वहिनी कपडे शिवायची. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही आणि चारदा पारखल्याशिवाय माणसावर विश्वास ठेवायची नाही. नवऱ्याचा सुजलेला घोटासुद्धा तिनं दाबून पाहिला होता. कारण नणंद सहा वर्षांपूर्वी एका कपाटावरून भांडली, दारात ‘येते’ म्हणाली आणि गेली ती गेलीच. आता तीच गोड बोलून जंगलात नेतेय म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय!

अभयारण्याच्या फाटकावर रक्षकानं बजावलं, की नाकाखालची वाट ओहोटीपुरतीच. पिवळा पट्टा मारलेल्या खडकाला पाणी लागलं, की माघारी फिरायचं.

दलदलीत दोघी गुडघ्यापर्यंत रुतल्या. मग काटेरी झुडपं, मग शेवाळलेले धोंडे. नणंद पुढं आणि वहिनी मागं. म्हणजे नजर ठेवायला बरं. नणंद मधूनच पाठीवरच्या पिशवीत हात घालायची आणि वहिनी बघतेय म्हटल्यावर काढून घ्यायची. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. काय लपवतेय ही?

नाकापाशी पोचल्या तेव्हा समुद्रावरून धुकं चढत होतं. नणंद वळणावर थांबली, मागं वळून हात हलवला. लाटांच्या आवाजात एकच शब्द ऐकू आला.

“येते!”

आणि ती दिसेनाशी झाली.

वहिनी खडकावर बसून राहिली. बराच वेळ गेला. पुन्हा तेच ‘येते’! सहा वर्षांपूर्वीचंच! पिवळ्या पट्ट्याला पहिली लाट चाटून गेली. आता उठावं आणि सरळ फाटक गाठावं, ती जाणो आणि तिचं नशीब जाणो. वहिनी चार पावलं माघारी आलीसुद्धा. पण नवऱ्याला काय सांगणार? आणि तिला स्वतःलाच भीती वाटली, नणंदेसाठी. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

ती वळली. पाणी मांडीला लागलं. लाट आली! तिनं खडक कवटाळला. लाट ओसरली. वहिनी पुढं सरकली!

वळणापलीकडं नणंद दोन धोंड्यांमध्ये अडकून पडली होती. बूट फटीत घट्ट बसला होता, पाणी छातीशी आलं होतं, हाका मारून घसा बसला होता. वहिनीनं कमरेच्या बटव्यातून दोरे कापायची कात्री काढली. पाण्यात डोकं घातलं. एक नाडी तुटली! दुसरी! पाय सुटला, बूट तिथंच राहिला. दोघी फरफटत वरच्या कड्यावर चढल्या आणि खाली वाट बुडाली.

“वन्सं, ‘येते’ म्हणून गेलात तुम्ही,” धाप लागलेली असताना वहिनीनं जाब विचारला.

“‘येते’ कुठं? ‘ये! ते बघ!’ म्हणाले मी. पाणमांजर दिसलं होतं. तुला बोलावत होते.”

आपले मेले कान कधी सरळ ऐकत नाहीत, असं वहिनीला वाटलं. नणंदेनं भिजल्या पिशवीतून एक दुर्बीण काढली, एकदम नवी. पलीकडं पोचल्यावर तुला द्यायची होती, म्हणाली.

धुकं विरळ झालं तेव्हा समोरच्या कपारीत पाणमांजराची मादी पिल्लांना चाटत होती. दोघींनी आळीपाळीनं डोळा लावून पाहिलं. वहिनीची पाळी जरा जास्तच लांबायची.

ओहोटी लागल्यावर त्या वाळूवर उतरल्या. नणंदेला पाय टेकवत नव्हता. रक्षकाला घेऊन यावं म्हणून वहिनी उठली आणि सवयीनं म्हणाली, “येते.”

नणंदेनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. त्या नजरेतला संशय वहिनीनं ओळखला; तो तिचाच होता. ती वाकली, आपल्या पायातला बूट काढून नणंदेच्या पायात चढवला आणि तिचा हात खांद्यावर घेतला.

“चला,” ती म्हणाली. “दोघी जाऊ.”