न सापडणारं कार्ड

न बांधलेल्या घरांतून लोकांना फिरवून आणणं हा तिचा धंदा होता. बिल्डरकडून नकाशा आला की ती लॅपटॉपवर त्या घराच्या भिंती उभ्या करायची, सोफे मांडायची, पडदे लावायची, खिडकीतून ऊन आत सोडायची. मग मुख्य दारातून शिरून खोल्याखोल्यांतून हिंडणारी एक छोटी फिल्म तयार व्हायची. ती पाहून गिऱ्हाईक पायाही न खणलेल्या फ्लॅटच्या प्रेमात पडायचं. हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं, तो लॅपटॉप आता म्हातारा झाला होता. झाकणाची बिजागरी सैल झाली होती आणि बटणांवरची निम्मी अक्षरं पुसली होती. पण आतलं ग्राफिक्स कार्ड दणकट होतं, म्हणून ती त्याला सांभाळून घेत होती.

आणि नेमकं तेच कार्ड एके सकाळी गायब झालं.

सॉफ्टवेअर उघडलं तर ते म्हणालं, या मशीनमध्ये कार्डच नाही. तिने आतल्या भागांची यादी काढून पाहिली. रोजच्या किरकोळ कामाचं छोटं कार्ड तिथे साळसूदपणे बसलेलं होतं, पण मोठ्याचा पत्ता नव्हता. तिने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. मशीन सुरू होण्याआधी येणाऱ्या निळ्या पानावरच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या. उरलासुरला करंटही निघून जावा म्हणून चार्जर काढून बटण दाबून धरलं. एवढं करूनही मशीन ढिम्म. शिवाय त्याच्या आतला पंखा घरघरत होता, आणि लॅपटॉप खालून इतका तापला होता, की जेवणाच्या टेबलाला तापलेल्या धुळीचा वास यायला लागला. काम काहीच चालू नव्हतं, मग एवढं तापायचं कारण काय, हे तिला कळेना.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेल्या आठवड्यात धाकट्या भाऊजींनी लॅपटॉप नेला होता. "वहिनी, दोन दिवसांत आणून देतो," म्हणाले आणि चांगले पाच दिवस ठेवून घेतला. घरात त्यांना सगळे उचापती म्हणत. मिक्सर उघडून पुन्हा जोडायचे तर दोन स्क्रू हमखास उरायचे, आणि तरी मिक्सर चालायचा. अशा माणसाने चांगलं कार्ड काढून घेऊन तिच्या तोंडाला पानं पुसली नसतील कशावरून? तिने फोन केला तेव्हा ते म्हणाले, आत्ता निघतो. इतक्या तत्परतेने ते कधीच येत नसत, त्यामुळे तिचा संशय आणखी बळावला.

दुपारी ते आले. तिचा नवरा कामासाठी परगावी होता. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं. त्यांना या घरी आणलं तेव्हा तिने आपली कामाची खोली एका दिवसात रिकामी करून दिली होती. लेकीनेही केलं नसतं एवढं केलंस, असं नातेवाईक म्हणाले, आणि ते खरंच होतं. तेव्हापासून तिचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर होतं. ताटं आली की लॅपटॉप उचलायचा आणि ताटं उठली की पुन्हा मांडायचा.

भाऊजी खालचं झाकण उघडत होते आणि ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्या बोटांकडे बघत होती. शेवटी तिच्याने राहवेना.

"भाऊजी, खरं सांगा. कार्ड तुम्ही काढलंत का?"

ते चिडले नाहीत, हसले. या मशीनमध्ये कार्ड म्हणजे वेगळी पट्टी नसते, बोर्डावरच झाळलेली चिप असते, ती काढायची तर सगळा बोर्डच बाद होईल, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. चिप दाखवायला म्हणून त्यांनी तिच्यावरच्या तांब्याच्या नळीवर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. मग ते हसायचे थांबले.

"वहिनी, हे चालू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जोरात काम करतंय. एवढं तापायला त्याला काहीतरी मोठं चित्र काढावं लागतं. मशीनला ते दिसत नाहीये, पण ते काढतंय."

"कुणासाठी?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, या मॉडेलमध्ये टीव्हीची वायर लावायची जागा थेट मोठ्या कार्डाला जोडलेली असते, तेव्हा ते काय काढतंय ते टीव्हीवर बघता येईल. त्यांनी झाकण तात्पुरतं टेकवलं, टीव्हीमागची वायर ओढून घेतली आणि लावली.

टीव्ही काळाच राहिला. मग त्यावर राखाडी रेघा उमटायला लागल्या. रेघांची चौकट झाली, चौकटीचं दार झालं, दाराला रंग चढला. दाराशेजारचं चपलांचं कपाट दिसलं, त्याचा उजवा कोपरा उडालेला होता.

"आपलंच दार आहे," ती म्हणाली.

दार उघडलं आणि चित्र आत शिरलं, सावकाश, पाऊल न वाजवता. बसायची खोली आली. कोपऱ्यात, डावीकडे, एक कुंडी होती. त्यांच्या घरात कुंडी नव्हती. पण ती स्वतः प्रत्येक फिल्ममध्ये डावीकडे एक कुंडी ठेवायचीच. नजरेची उंचीही तिचीच होती. बाकीचे लोक कॅमेरा उंच माणसाच्या डोळ्यांशी ठेवतात. ती बुटकी, म्हणून ती आपल्या डोळ्यांशी ठेवायची, आणि त्यामुळे छत उंच दिसतं म्हणून बिल्डर तिच्यावर खूश असायचे. भाऊजींनी तिच्या कितीतरी फिल्म पाहिल्या होत्या.

"वहिनी, हे तुमचंच काम आहे."

"मी आपलं घर कधीच काढलेलं नाही."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून ती ज्या संशयाने त्यांचा विचार करत होती, तोच संशय आता त्यांच्या डोळ्यांत होता.

चित्र जेवणाच्या टेबलापर्यंत आलं. टेबल लख्ख होतं. त्यावर लॅपटॉप नव्हता, औषधांचा डबा नव्हता, भोवती फक्त खुर्च्या होत्या. स्वयंपाकघरावरून एक ओझरती नजर फिरली आणि चित्र आतल्या खोलीच्या दारापाशी येऊन थांबलं. शेवटच्या खोलीआधी तीही असंच क्षणभर थांबायची, बघणाऱ्याची उत्सुकता वाढावी म्हणून. तिला टीव्ही बंद करावासा वाटला, पण ती बघतच राहिली.

दार उघडलं.

खोलीत पलंग नव्हता. आधाराची काठी नव्हती, पाण्याचा तांब्या ठेवायचं स्टूल नव्हतं. खिडकीखाली भलं रुंद टेबल होतं, त्यावर दोन मोठे स्क्रीन होते. भिंतीला फिकट हिरवा रंग होता, आणि जिथे सासूबाईंची उशी असायची तिथे फळ्यांचं कपाट उभं होतं. त्यातली वस्तू न् वस्तू तिच्या ओळखीची होती. कुणाला न सांगता, कागदावर एक रेघ न ओढता, तिने ती खोली मनात कितीदा तरी मांडली होती. सासूबाईंचं अंथरूण बदलून आल्यावर पडल्या पडल्या हे विचार यायचे. मग तिला स्वतःचीच किळस यायची आणि ती कूस बदलायची.

"वहिनी..." भाऊजींचा आवाज खाली आला होता. "आईचा पलंग कुठे आहे?"

"मी हे केलेलं नाही. शपथ घेऊन सांगते."

"मग कुणी केलं?"

आपण खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं, आणि तरी आपण पकडलो गेलो असंच तिला वाटत होतं.

भाऊजींनी चार्जर ओढून काढला आणि झाकण सरकवून बॅटरीची वायर उपटली. पंखा थांबला. टीव्ही काळा झाला. घरात इतकी शांतता पसरली, की आतल्या खोलीत सासूबाई कण्हल्या ते दोघांनाही ऐकू आलं. दोघंही एकदमच उठले.

सासूबाई जाग्या होत्या. उशीला टेकून वैतागलेल्या चेहऱ्याने दाराकडे बघत होत्या.

"आता आणखी काय राहिलं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"काय झालं, आई?"

"अगं, मघाशी ती मोजायची टेप घेऊन आली होतीस ना? खिडकी मोजलीस, भिंत मोजलीस. मी म्हटलं, झोपू दे गं मला थोडं. तर मलाही मोजलंस, डोक्यापासून पायापर्यंत."

"आई, वहिनी माझ्यासमोर बसल्या होत्या," भाऊजी म्हणाले. "मघापासून."

"मग मी काय खोटं बोलते?"

तिने भाऊजींकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती, हे या जगात त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढं एकदा म्हणावं, घाबरू नका वहिनी म्हणावं, म्हणून तिचा जीव कासावीस झाला. पण ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते पलंग आणि तिच्यामध्ये येऊन उभे राहिले होते.

"तुम्ही बाहेर थांबा, वहिनी. आईजवळ मी बसतो."

"भाऊजी, तुम्ही स्वतः पाहिलंत, मी..."

"थांबा बाहेर."

ती बाहेर आली. पाठीमागे दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. ती दाराला पाठ लावून तिथेच खाली बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं, आणि आत आता मायलेकांशिवाय कुणी नव्हतं. निदान आईंना तरी आता धोका नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

तेवढ्यात आतून लोखंडी टेप झर्रकन गुंडाळली गेल्याचा आवाज आला.

"भाऊजी?" तिने हाक मारली. "भाऊजी..."

भाऊजी बोलले नाहीत. आतून सासूबाईंचाच आवाज आला, थकलेला, अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना असतो तसा.

"झालं का गं आता तुझं, सूनबाई?"