खाल्लेलं कुणाच्या अंगी

भुकेवर संशोधन करणाऱ्या बाईच्या घरात तिचीच आई वाळत चालली, तर लोक बोलणारच. मावशी दर रविवारी फोन करून बोलायची. "तू एवढी हार्मोनची डॉक्टर, आणि दिव्याखाली अंधार!"

आई जेवत नव्हती असं मुळीच नाही. माझ्या दुप्पट जेवायची. सूप प्यायची, वर ब्रेड, उकडलेले बटाटे, शेवटी एखादं फळ. पण हिवाळ्यापासून तिचे दंड पिशवीसारखे लोंबायला लागले होते आणि अंगठी बोटात राहीना म्हणून तिने ती दोऱ्याने गळ्यात बांधली होती. थायरॉईड झालं, साखर झाली, आतड्यांचे फोटो झाले, पोटातल्या जंतांपर्यंत सगळं शोधून झालं. काही सापडत नव्हतं.

"खाल्लेलं अंगी लागत नाही, एवढंच," आई म्हणायची.

"अंगी लागत नाही म्हणजे काय? जातं कुठे मग?"

"ते तुला माहीत. शिकलीस तू." आणि आणखी एक बटाटा वाढून घ्यायची.

मी हात टेकले होते. त्यात कामावर कुलूपवाला.

आमचा वॉर्ड रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. चार खाटा, उघडत नाहीत अशा खिडक्या, स्पिरिटचा वास आणि सतत गुरगुरणारा फ्रीज. निरोगी माणसांनी तिथे दोन दिवस फक्त पाण्यावर राहायचं आणि आम्ही ठरावीक वेळाने रक्त घ्यायचं. पोट रिकामं झालं की ते एक हार्मोन सोडतं. मेंदूला निरोप जातो, भूक लागली. जेवलं की ते खाली येतं आणि इन्सुलिन वर चढतं. तोंड खोटं बोलेल, रक्त खोटं बोलत नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचे.

कुलूपवाला आईच्या ओळखीतून आला. हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्या दाराची कडी त्याने बदलली होती, तेव्हा आईने त्याला अभ्यासाबद्दल सांगितलं. गोरागोमटा, पन्नाशीचा, गुबगुबीत हातांचा. बाकीचे तिघं दुसऱ्या दिवशी भुकेने चिडचिडे झाले, भिंतीकडे तोंड करून पडले. हा मात्र मांडीवर वर्तमानपत्र घेऊन गालातल्या गालात हसत बसला होता.

त्याचे आकडे आले आणि माझं डोकं तापलं. दोन्ही दिवस, दुपारी आणि संध्याकाळी, इन्सुलिन वर, भुकेचं हार्मोन खाली. हा माणूस व्यवस्थित जेवत होता!

"कुलुपंच उघडतो तो, मॅडम. खाली स्वयंपाकघराचं दार म्हणजे त्याला डाव्या हातचा मळ," सिस्टर म्हणाली.

आम्ही त्याला पुन्हा उपाशी ठेवलं. कपडे तपासले, पिशवी तपासली, सिस्टरने त्याच्या उशाशी खुर्ची टाकली. आकडे तेच. मग मी मशीनवर घसरले, मशीनवाल्या पोरीवर घसरले, नळ्यांची चिठ्ठी बदलली असेल म्हणून बिचाऱ्या सिस्टरवरही घसरले. ती रडली. तिची माफी मागून मी तिसऱ्या खेपेला स्वतःच त्याच्यासमोर जाऊन बसले. कामाचे ढीग पडलेले, घरी आई तशी, आणि मी एका जाड्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसलेय! वैताग नुसता.

भर दुपार होती. पडद्याच्या फटीतून ऊन त्याच्या पायांवर पडलं होतं. त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. ताठ बसला. ओठ मिटलेलेच होते, जबडा हलत नव्हता. फक्त गळ्यातली घाटी शांतपणे खालीवर होत होती. बऱ्याच वेळाने त्याने पट्टा एक भोक सैल केला.

"काय खाल्लंत?" मी विचारलं.

"मी? काही नाही, मॅडम. तुम्ही समोरच आहात की." मग संकोचून म्हणाला, "सफरचंद मात्र जरा कच्चं होतं."

मी त्याला तोंड उघडायला लावलं. जीभ कोरडी, दात स्वच्छ.

घरी पोचले तेव्हा आई भांडी आवरत होती. "काल सफरचंदं आणलीस ना तू," ती म्हणाली, "बघून आणत जा गं. कच्ची आहेत. दात शिवशिवले."

मी योगायोग म्हटलं. मोठ्याने म्हटलं, त्यामुळे आईने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काहीतरी सबब काढून मी आईला वॉर्डवर नेलं. माझ्या खोलीत टेबलावर तिच्यापुढे ताट ठेवलं. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे कुलूपवाला आणि सिस्टर. आई मनापासून जेवली, ब्रेडने वाटी पुसून घेतली. मी तिचं रक्त घेतलं, सिस्टरने त्याचं. नळ्यांवर मी स्वतः खुणा केल्या आणि मशीनपाशी स्वतः उभी राहिले.

आईचं रक्त उपाशी माणसाचं होतं.

त्याचं नुकत्याच जेवलेल्या माणसाचं.

आईला टॅक्सीत बसवून मी त्याच्याकडे गेले. सिस्टरला बाहेर पाठवलं.

"हे कसं करता तुम्ही?"

"मी काय करणार, मॅडम?" तो खरंच गोंधळला होता. "लहानपणापासून असंच. माझं मला काही करावं लागत नाही."

"आणि माझीच आई कशी?"

"कडी बसवायला आलो तेव्हा किती आग्रह केला त्यांनी. जेवून जा, जेवून जा. मी म्हटलं, पुन्हा कधीतरी." त्याने चादरीची सुरकुती हाताने साफ केली. "चांगल्या आहेत हो. माझी बायकोही अशीच. फार जेवायची. शेवटपर्यंत."

मी त्याच संध्याकाळी आईला रुग्णालयात दाखल केलं. तोंडाने काही द्यायचं नाही, सगळं पोषण शिरेतून. तिथला डॉक्टर माझ्याच वर्गातला. "व्यवस्थित खाणाऱ्या बाईला सलाईन? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, नाही, पण लाव. आई तर खवळलीच. "जिवंत आईला उपाशी मारतेस? वैरिणीनेसुद्धा असं केलं नसतं!"

पण तिचे गाल भरायला लागले. आठवडाभरात दंडांना आकार आला. अंगठी पुन्हा बोटात गेली.

इकडे सिस्टरचे फोन. "मॅडम, त्याचा उपवास सोडला. दोन ताटं खाल्ली, तरी रडतोय."

"आणखी द्या."

"दिलं. रक्तात काही दिसत नाही. खातोय आणि उतरतोय. पट्टा कमरेवर थांबत नाही."

मी जाऊन पाहिलं. त्याच्या खाटेभोवती उष्टी ताटं होती आणि तो पातेल्यातून हाताने खात होता. आम्ही त्यालाही ग्लुकोजची सलाईन लावली. थेंब आत जाताना डोळ्यांनी दिसत होते. रक्तात साखर चढत नव्हती. त्याला मोठ्या वॉर्डात हलवलं. तिथे सगळे मला विचारत होते, हा गेल्या आठवड्यात लठ्ठ होता म्हणता ते खरं का?

मी आईच्या खाटेशी होते तेव्हा त्याने कुणाच्या तरी फोनवरून मला गाठलं. आवाज पार खोल गेला होता.

"मॅडम, आईंना एवढंसं काहीतरी द्या ना. बिस्कीटसुद्धा चालेल."

आई माझ्याकडेच बघत होती. "कोण गं?"

"कामाचं आहे," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. भर वॉर्डात, सगळ्यांच्या देखत, भरलेलं ताट मांडीवर घेऊन. जवळचं कुणीच नव्हतं म्हणून कागदावर मी सही केली. मला काय वाटलं? वाईट वाटलं. आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आईची सलाईन काढली. घरी आल्यावर मी तिच्यापुढे ताट ठेवलं. तिने ते हळूच सरकवलं. "नको गं आज." दवाखान्यातून आलंय माणूस, थकलं असेल, मी समजून घेतलं. दुसऱ्या दिवशीही नको म्हणाली. पण चेहरा टवटवीत होता, आवाज खणखणीत होता. मी वाद घातला नाही. वादांचा कंटाळा आला होता मला.

आठवड्याभराचं काम तुंबलं होतं. दुपारी बसायलाही सवड नव्हती. वॉर्डच्या फ्रीजपाशी मी एक पाव आणि उकडलेलं अंडं कसंबसं घशाखाली ढकललं. पोटात कावळे ओरडतच होते. आणखी एक पाव खाल्ला. मग सिस्टरच्या डब्यातलं उरलेलं खाल्लं.

"मॅडम, सकाळपासून उपाशी होतात की काय?" सिस्टर हसली.

संध्याकाळी घरी आले. सकाळी झाकून ठेवलेलं आईचं ताट तसंच होतं. आई खिडकीपाशी बसली होती, गाल लालसर, अंगठी बोटात घट्ट रुतलेली. मी पिशवी खाली ठेवली. ती मायेने माझ्याकडे बघत होती.

"अशी उभ्या उभ्या खात जाऊ नकोस गं," आई म्हणाली. "घास नीट उतरत नाहीत."